मला कारखाना समजू नये

दि. ९ मार्च

प्रति,
मा. कामगार अधिकारी,
जिल्हा कामगार कार्यालय

विषय : माझ्या एकट्याच्या हजेरीवरून बुटांचा कारखाना 'चालू' न धरण्याबाबत.
संदर्भ : आपल्या निरीक्षकांच्या दोन भेटी.

महोदय,

मी सदर कारखान्यात भांडार कारकून आहे. गेल्या वर्षी शिलाईची सगळी यंत्रे पेट्यांत भरून परदेशी गेली. बूट आता तिकडे शिवतात. कामगार घरी बसले, त्यांत माझी सूनही. मला मात्र किल्ल्या सांभाळायला ठेवले.

बंद कारखान्याच्या कामगारांना आपण नवे काम शिकवता. परंतु हजेरीपटावर एक जरी माणूस असला तरी कारखाना बंद नाही, असा आपला नियम आहे. तो एक माणूस मी. कंपनीने मला त्यासाठीच ठेवले असावे, हे फार उशिरा माझ्या ध्यानात आले. एरवी माझ्यावाचून कुणाचे अडल्याचे आठवत नाही.

पहिल्या भेटीत निरीक्षकांनी फळीवरचे बूट पाहून 'माल शिल्लक' लिहिले. ते नमुने आहेत, सगळे डाव्या पायाचे. तेव्हाच सांगायला हवे होते, पण धीर झाला नाही.

दुसऱ्या भेटीच्या वेळी मी पुस्तक घेऊन फळ्यांमागे लपलो होतो. सुनेने बजावले होते, "बाबा, हूं की चूं करू नका. तुम्ही दिसला नाहीत तर आम्हाला धड बेकार तरी होता येईल." निरीक्षक दारात खोकले. मला राहवले नाही. बाहेर येऊन "या, बसा, पाणी घेता?" असे विचारून बसलो. त्यांनी पाणी घेतले आणि 'कारखाना चालू' अशी नोंद केली.

राजीनामा दिला, तर तो घेणारे व्यवस्थापक यंत्रांबरोबरच गेलेले. टपालाने पाठवला, तो 'स्थानिक भांडार विभागात द्यावा' या शेऱ्यासह परत आला. भांडार विभाग म्हणजे मीच. मी तो स्वतःकडून स्वीकारला, पोचही दिली. आपल्या कार्यालयाने ती अमान्य केली.

गल्लीत मला पाहून "आला बघा कारखाना" म्हणतात. सून ताट वाढते आणि लगेच आत जाते. तिला हव्या असलेल्या आपल्या प्रशिक्षण वर्गाची नोंदणी याच महिन्यात संपते.

माझी समजूत चुकत असेल तर सांगावे. परंतु मी कारखाना नाही, एवढे बहुधा खरे आहे. आज फाटकाला कुलूप लावले. उद्यापासून बाहेर रस्त्यावर बसेन. निरीक्षकांना एकदा पुन्हा पाठवावे. मी त्यांना पाणी विचारीनच, त्याला इलाज नाही. ते पाणी घरून आणलेले असेल, याची नोंद घ्यावी.

आपला नम्र,
(सही)
भांडार कारकून, आपण मान्य केल्यास माजी

सोबत : फाटकाची किल्ली. माझ्याकडे दुसरी नाही.