कार्ड सभागृहात, साहेब दारात

सोमवार, ८ जुलै. सकाळी ६.१०.
आईच्या नूडल्सच्या गाडीवर एका हाताने कोथिंबीर निवडत होतो, दुसऱ्या हातात फोन. बातमी वाचली आणि कोथिंबिरीत गवत गेलं. आई बोलली.
बँकॉकच्या कुठल्याशा संस्थेने सगळ्या खासदारांच्या मतदानाचा हिशेब काढला आहे. आमचे थावोर्न साहेब शंभर मतदानांपैकी एकोणीसला हजर. देशात खालून सहावे. नावातलं एक अक्षरही चुकीचं छापलंय. मी ताबडतोब संस्थेला पत्र लिहिलं. अक्षराबद्दल.
साहेब आळशी नाहीत. मतदारसंघात कुणी मेलं आणि साहेब आले नाहीत, असं होत नाही. गेल्या महिन्यात अकरा अंत्यविधी, सात लग्नं, दोन पोरांच्या भिक्षुदीक्षा. साहेबांचं फेसबुक पान मी सांभाळतो, प्रत्येक फोटोखाली तारीख-वेळ टाकतो, म्हणून मला माहीत. पण सभागृहात हे कोण मोजणार?
संकल्प: साहेबांचा आकडा मी वर आणणार. साहेबांच्या सरकारी साहाय्यकाची एक जागा रिकामी आहे. महिना पंधरा हजार बाट, गळ्यात फोटोचं ओळखपत्र, संसदेत थेट प्रवेश. मी दोन वर्षं नुसत्या पेट्रोलवर काम करतोय. कधीकधी तेही स्वतःच्या.

मंगळवार, ९ जुलै.
कार्यालयात नोंगयाव ताईंना योजना सांगितली. साहेबांचा इथला सगळा कारभार ताई बघतात. साहेब फक्त हात जोडतात. योजना अशी: सभागृह बुधवारी आणि गुरुवारी भरतं, तर त्या दोन दिवशी सकाळी सहाला साहेबांना आठवणीचा मेसेज. ताई म्हणाल्या, पाठव बाबा, बुद्धापुढे उदबत्ती आपण रोज लावतोच, तो तरी कुठे उत्तर देतो. मी याचा अर्थ मंजुरी असा घेतला.
येताना शिंप्याकडे सूट टाकला. काळा नको, तो मयतीचा, गडद निळा. हजार आगाऊ दिले, बाकी पहिल्या पगारातून. पगार कधी, असं त्याने विचारलं. म्हटलं, लवकरच. त्याने भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, यात लवकरच कुठे आहे ते बोटाने दाखव.

बुधवार, १० जुलै. सकाळी ६.००.
मेसेज गेला. उत्तर नाही. वाचल्याची खूण मात्र आली. सुरुवात चांगली.

शुक्रवार, १२ जुलै.
यश! कालच्या चार मतदानांत साहेबांची चार मतं. संस्थेच्या पानावर चारही हिरवे ठिपके. माझ्या दोन मेसेजांनी वर्षाचं काम केलं.
एकच शंका. काल दुपारी साहेब इथेच होते. सरपंचाच्या घरी वाफवलेला मासा खाताना मीच फोटो काढलाय, १.२० ला. आणि पहिलं मत १.३५ चं.
ताई नखं रंगवत होत्या. म्हणाल्या, अरे, कार्ड तिकडे आहे ना, शेजारच्या बाकावरच्या दोस्ताकडे. तू मासा बघ.
तेव्हा उलगडा झाला. हल्ली मतदान कार्डाने होतं. यंत्रात कार्ड असलं की झालं. विजेचं बिल जसं खात्यातून आपोआप जातं तसं. त्यासाठी माणूस काही बँकेत जाऊन उभा राहत नाही. माझी शाळा नववीत सुटली, म्हणून अशा गोष्टी उशिरा कळतात. देश किती पुढे गेला, या विचाराने भरून आलं.

गुरुवार, १८ जुलै.
या आठवड्यात नऊपैकी नऊ. दोन लग्नं, एक मयत. मेसेज सुरूच. ओळखपत्रासाठी फोटो काढून ठेवला, सहा प्रती. फोटोवाला हस म्हणाला. हसलो नाही. सरकारी फोटो आहे.

गुरुवार, २५ जुलै.
गिरणीवाल्यांच्या आजीचा अंत्यविधी. अग्नी द्यायचा मान साहेबांना. चितेवर ठेवायचं चंदनी फूल हातात, डोळ्यांत पाणी (धुराचं, पण फोटोत कळत नाही). वेळ २.४७. अंदाजपत्रकावरचं मतदानही आजच होतं, तेही २.४७ लाच! एकाच मिनिटात साहेबांनी आजीलाही निरोप दिला आणि देशाच्या खर्चालाही. असा खासदार दाखवा.

रविवार, २८ जुलै.
पोस्टर तयार. माझ्या आयुष्यातलं सर्वांत नीट काम. डाव्या बाजूला साहेबांची सगळी मतं, उजव्या बाजूला त्याच वेळचे कार्यक्रम, मधे बारीक लाल रेघ. शुद्धलेखन चार वेळा तपासलं. वर घोषवाक्य, माझंच:
कार्ड सभागृहात, साहेब तुमच्या दारात!
पानावर टाकलं. शिवाय बाजारात लावायला दोन मीटर मोठं छापून घेतलं, उधारीवर. ताईंना दाखवलं नाही. आनंदाचा धक्का द्यायचा होता.

सोमवार, २९ जुलै.
चौदा हजार लोकांनी पोस्टर पुढे पाठवलं! आमच्या अख्ख्या गावात एवढे लोक नाहीत. प्रतिक्रिया वाचता वाचता सकाळ गेली. एकाने लिहिलं, धन्य तो बाप. तीन बायकांनी साहेबांच्या कार्डाचा नंबर मागितला, लॉटरीला लावायला. बँकॉकच्या एका वार्ताहराने घोषवाक्य कुणाचं ते विचारलं. मी पूर्ण नाव कळवलं, आडनावासकट.
ताईंचे सतरा फोन येऊन गेले. अभिनंदनाचे असणार. सावकाश घेईन.

मंगळवार, ३० जुलै.
साहेबांनी घरी बोलावलं. नवा शर्ट घालून गेलो.
साहेब सोफ्यावर, ताई उभ्या, आणि एक तरुण वकील, पाकिन नावाचे. दहा वर्षं विलायतेत शिकून गेल्याच महिन्यात परतलेले. हे कुणी केलं, असं साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, मी एकट्याने. ताईंनी माझ्या पायावर पाय दिला. मी स्पष्ट केलं की घोषवाक्यही माझंच.
मग वकिलांनी समजावलं. दुसऱ्याच्या कार्डाने मत टाकणं हा गुन्हा आहे. अंदाजपत्रकाच्या मतावर चौकशी समिती बसली आहे. खासदारकी जाऊ शकते, तुरुंगही होऊ शकतो. वाट एकच: फोटोची तारीख मी चुकवली, असा जबाब मी सही करून द्यायचा. माझ्या डोक्यात विजेचं बिल फिरत राहिलं.
मी विचारलं की साहेबांऐवजी मीच का सही करायची. साहेब रागावले नाहीत. म्हणाले, "पोरा, खासदार पडला तर निवडणूक घ्यावी लागते. तू पडलास तर काहीच घ्यावं लागत नाही. ही एक सही दे, जागा तुझी. ताई, ऐकलंत ना?"
ताई भिंतीकडे बघून हो म्हणाल्या.
म्हणजे जागा मिळाली! मार्ग थोडा वळणाचा, एवढंच.

शुक्रवार, २ ऑगस्ट. दुपारी २.००.
जबाब आला. मी लिहिल्यासारखा वकिलांनी लिहिलाय: 'अंत्यविधीचे छायाचित्र शुक्रवार, २६ जुलैचे असून मी निष्काळजीपणे गुरुवार, २५ जुलै असे लिहिले.' शुक्रवारी सभागृह नसतं, म्हणून साहेब सुटले.
'निष्काळजीपणे' हा शब्द लागला. पण पंधरा हजार.
सही करायला पेन उघडलं आणि हात थांबला. शुक्रवार! आमच्याकडे शुक्रवारी प्रेत जाळत नाहीत. तो सुखाचा वार. त्या दिवशी सरण पेटलं तर मागे राहिलेल्यांचं सुख जळतं. मठातले भिक्खूच नाही म्हणतात. समितीतही कुणाची तरी आजी वारलीच असेल. वाचतील आणि खो खो हसतील. मग खोटारडे कोण? साहेब.
वकिलांना फोन केला. म्हणाले, हात लावू नको, सही कर, चारला माणूस जबाब न्यायला येतोय. ताई फोन उचलेनात.

दुपारी ३.३०.
जबाबदारी घेतली. 'शुक्रवार, २६' खोडून वर सुवाच्य अक्षरात 'गुरुवार, २५' लिहिलं, बाजूला आद्याक्षरं. आता कुणी हसणार नाही.
मात्र वाक्य जरा विचित्र झालं: छायाचित्र गुरुवारचं, आणि मी निष्काळजीपणे गुरुवार लिहिलं. हे तर्काला धरून नाही. म्हणून 'निष्काळजीपणे'च्या जागी 'काळजीपूर्वक' केलं. चार वेळा वाचलं. एकही चूक नाही. सही केली.
चारला माणूस पाकीट घेऊन गेला. साहेबांना वाचवल्याचं समाधान काही वेगळंच.

बुधवार, १४ ऑगस्ट. सकाळी ९.१५.
परवा समितीत माझा जबाब मोठ्याने वाचला गेला, दुरुस्त्यांसकट. कुणी हसलं नाही, असं ऐकतो. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत साहेबांना सभागृहात पाय ठेवायला बंदी. आता बुधवार-गुरुवार पूर्ण मोकळे. काल तीन मयती केल्या.
जागेचं विचारायला ताईंकडे गेलो. त्यांनी आधी पानाचा पासवर्ड मागितला. दिला. मग म्हणाल्या, "पोंग, अरे, खासदारच उरला नाही तर साहाय्यक कुणाचा होणार आहेस तू?" हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. साहेब माझ्याविषयी काही बोलले का, असंही विचारलं. बोलले, म्हणाल्या, पण ते तू लिहून ठेवशील म्हणून सांगत नाही.
सूट आला. अंगाला नीट बसतो. घालून कुठे जायचं ते सुचेना, म्हणून काढून ठेवला.

खर्च: सुटाचे आगाऊ १,०००. फोटो, सहा प्रती, १२०. पेट्रोल ९४०. एकूण २,०६० बाट.
देणे: शिंपी १,८००. पोस्टरचा छापखाना १,३५०. एकूण ३,१५० बाट.
येणे: काही नाही. दोनदा बेरीज करून पाहिली.