गाव्रिलचा पट्टा

प्रिय सिमिओन,

सूनबाई कॉर्नेलिया बरी आहे ना? शाळेतल्या पोरांवर ओरडून तिचा घसा बसला होता, तो सुटला का? तिच्या आईचा गुडघा काय म्हणतो? खालच्या मजल्यावरचे म्हातारे मास्तर अजून जिन्याला शिव्या देत चढतात की थकले? इथे तुझी इरिनाकाकू ठणठणीत आहे. ऐकू मात्र तिला हवं तेवढंच येतं. माझे डोळे सुईत दोरा ओवायला नाही म्हणतात, पण कातड्यावर आरी अजून चुकत नाही. तुझी चौकशी मुद्दाम शेवटी ठेवली आहे.

तू पाठवलेला वाद्या-बकलांचा रुंद पट्टा शनिवारी बसवाल्या निकोआराने माझ्या दुकानात आणून दिला. वरच्या वादीवर, नवं भोक हवं तिथे, तू बांधलेला लाल दोरा पाहून तो म्हणाला, “तोआदेरबाबा, पोरगा वितळतोय की काय?” पेत्रेआ लोहार बसलेलाच होता. म्हणाला, “वितळू दे! नऊ वर्षं त्याच्या पाळण्यात मांजर झोपतंय. आता डॉक्टर शिरा बांधेल, की पुढच्या इस्टरला मांजर अंगणात!” सगळे हसले. मीही हसलो, पण आरी हातात घेतली नाही.

डॉक्टरचं म्हणणं तू मला इस्टरला अंगणात सांगितलंस, मान खाली घालून. लाजायचं माझं वय सरलं, म्हणून सरळ लिहितो. अंडकोषाच्या शिरा फुगल्यात, त्यांत रक्त साचतं, तिथल्या उष्णतेने बीज कमजोर होतं. त्यावर एकशे एकतीस किलोचं ओझं. चरबी आणखी ऊब धरते, शरीरातला पुरुषी रस कमी करते, आणि शिरा बांधल्या तरी गुण कमी येतो. म्हणून त्यांनी सांगितलं, आधी शंभरावर ये, मग गुंगी देऊन शस्त्रक्रिया करू. तू ऐकलंस. इस्टरआधीच्या उपासाचे सात आठवडे नुसत्या बटाट्या-घेवड्यावर काढलेस आणि तेरा किलो उतरवलेस. ते तेरा किलो तुझ्या मेहनतीचे, त्याबद्दल मला शंका नाही.

मला झोप लागू देत नाहीत ते नंतरचे.

या महिन्यात गवत कापायला आलास, तेव्हा काकूच्या हातचे कोबीत गुंडाळलेले मांसाचे गोळे चौदा खाल्लेस, वर मक्याची घट्ट मामालिगा, वर साय. आणि म्हणालास, “खातोय तरी उतरतंय काका, सत्त्याण्णव झालो! नशीब उघडलं.” काकूने घागर तीनदा भरली, तू तीनदा रिकामी केलीस. ती म्हणाली, “याच्या पोटात विहीर आहे का रे?” तू हसलास आणि पुन्हा गंजीमागे मुतायला गेलास. मी विळ्याला धार लावत होतो. ते सगळं मी आधी एकदा पाहिलं होतं, त्याच कुरणात.

तुझा बाप गेला तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. तुला त्याचा जाडेपणा आठवतो, शेवटचा उन्हाळा आठवत नाही. माझा हा धाकटा भाऊ त्या उन्हाळ्यात असाच उतरत गेला. बादलीला तोंड लावून पाणी प्यायचा, दोघांचं जेवायचा. गाव म्हणायचं, “गाव्रिल पुन्हा नवरदेव झाला!” दर पंधरवड्याला तो पट्टा घेऊन यायचा आणि मी चेष्टा करत नवं भोक पाडायचो. चार भोकं. सप्टेंबरात तो गोठ्यात पडला, तोंडाला कुजक्या सफरचंदांचा वास येत होता. शहरातल्या डॉक्टरने मला विचारलं, “साखर वाढलीय, एवढा वाळला तरी घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?” माझ्या लक्षात आलं होतं रे, बोटांच्या मापाने आलं होतं. मी त्याला शाबासकी दिली होती.

तुझ्या लग्नात हा पट्टा तुला देण्याआधी मी ती चारही भोकं कातड्याच्या गुंड्यांनी बुजवली, मेण घासलं. नवरदेवाने कमरेला काय बांधलंय, ते त्याला कळू नये म्हणून. आता पट्टा उलटा कर आणि वरच्या वादीवरून अंगठा फिरव. चार उंचवटे लागतील. तुझा लाल दोरा तिसऱ्यावर आहे.

मी भोक पाडलेलं नाही. पट्टा जसाच्या तसा परत पाठवतोय. तुझं रक्त तपासलं ते फेब्रुवारीत, त्यानंतर नाही, आणि शस्त्रक्रिया येत्या गुरुवारी. फोनवर तू हसण्यावारी नेलं असतंस, म्हणून हे कागदावर. उद्याच डॉक्टरकडे जा. त्यांना सांग, मी खातोय तरी वाळतोय, माझी तहान भागत नाही आणि माझा बाप साखरेने गेला. बाळासाठी थांबता येईल, शिरा कुठे पळत नाहीत. कॉर्नेलियाला हे पत्र दाखव. तू लपवशील, ती लपवणार नाही. निकोआरा मंगळवारी संध्याकाळी तिकडून परत निघतो, त्याच्याजवळ दोन ओळी दे. डॉक्टरांनी आकडा काय सांगितला तेवढंच लिही. मी थांब्यावर उभा असेन.

तुझाच,
तोआदेरकाका