तेल बदलायच्या आधी

५ एप्रिल
...मी अंगण झाडून सडा टाकत होते आणि हे स्कूटर सुरू करून शेजारी स्टुलावर बसले होते. तेल बदलायचा दिवस होता. गाडीखाली जुनी परात. इंजिन गरम होईपर्यंत ह्यांना दुसरा चहा लागायचा. मी म्हणायचे, डॉक्टरांनी एकच सांगितलाय. हे म्हणायचे, डॉक्टरांना इंजिनातलं काय कळतं. त्या सकाळी बाकी विशेष काही झालं नाही. कपडे भिजवले, डाळ निवडली.

आठवायचं कारण एवढंच की स्कूटर आता स्नेहलला द्यायची ठरली. धुळ्यात तिला नोकरी लागली, शाळा गावाबाहेर. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माहेरी येईल तेव्हा घेऊन जाईल. मी फोनवर सांगितलं, आत अजून तुझ्या पप्पांनीच भरलेलं तेल आहे, मी बदलून देते. बोल्ट काढायचा, जुनं गाळायचं, नवं ओतायचं. प्रेमराज गॅरेजवाल्याने नव्या तेलाचा डबा दिला, टाकीत पेट्रोलही घालून दिलं. अर्ध्या तासाचं काम. उद्या उरकते.

६ एप्रिल
गाडी सुरू केली. स्टुलावर बसले. चहा घेतला. मग बोल्टला हात लावला तर बोट भाजलं. चूक गरम करण्यात नव्हती, गार होऊ न देण्यात होती. गार होईपर्यंत ऊन आलं. उद्या.

९ एप्रिल
बोट बरं आहे. तज्ज्ञांना विचारलं. प्रेमराज म्हणाला, काकू, गरमच करा, तेल पातळ होतं, घाण सोबत घेऊन उतरतं. शेजारचे पंडितभाऊ भुसावळ रेल्वेतून रिटायर झालेले. ते म्हणाले, थंडच काढा, रात्रभरात सगळं तेल आपोआप खाली बसतं. आणि एप्रिलात जळगावची गाडी गरम कशाला करायची, ती थंड कशी करायची ते कोणी सांगत असेल तर मला पण सांगा.
दोन जाणत्या माणसांची दोन मतं. अशात घाई करणं मूर्खपणा.

१२ एप्रिल
गाडीसोबत आलेली पुस्तिका सापडली. मराठी नाही, हिंदी पान वाचलं. मी शाळेत चौथीपर्यंतच गेले, पण हाताला लागेल ते वाचते. लिहिलंय, इंजन थोडी देर चलाएँ, बंद करें, थोडी देर रुकें. थोडी देर म्हणजे किती, ते छापणाऱ्याला ठाऊक. स्वतःच ठरवावं लागणार.

१७ एप्रिल
प्रयोग चालू आहेत. दोन कप चहा होईपर्यंत ठेवली तर फार तापते. अर्ध्या कपात काहीच नाही. रोज सकाळी करून बघते. आवाज चांगला येतो. स्वयंपाकघरात असले तरी कळतं की गाडी अंगणात आहे.
पंडितभाऊंनी भिंतीवरून डोकं काढलं. म्हणाले, अक्का, हाई गाडी शे का चूल शे? मी म्हटलं, अभ्यास चाललाय. म्हणाले, मग दोन भाकरी पण टाका वरती. त्यांनाही चहा द्यावा लागला. मिळाल्याशिवाय जात नाहीत.

२३ एप्रिल
स्नेहलचा फोन. तेल झालं का? म्हटलं, झाल्यातच जमा आहे. ती म्हणाली, राहू दे आई, मी इकडे धुळ्यात करून घेईन. मी म्हटलं, तिथल्या गॅरेजवाल्याला ह्या गाडीचा स्वभाव काय माहीत? ती म्हणाली, जेवलीस का?
मी तेलात अडकलेली नाही. प्रश्न फक्त तांत्रिक आहे.

२९ एप्रिल
सर्व तयारी झाली. परात, पाना, नरसाळं, नवं तेल. आखाजीची घागर आणली, पुरण शिजवून ठेवलं. पद्धतही पक्की झाली. एक कप चहा तापवायला, अर्धा कप निववायला. उद्या स्नेहलसमोर करते म्हणजे तिलाही शिकता येईल. आता अडचण अशी कुठलीच उरली नाही.

३० एप्रिल, आखाजी
पहाटे ह्यांच्या नावाने पितरांची घागर भरली, वर आंबा ठेवला. स्नेहल सकाळच्या एसटीने आली. पाया पडली आणि थेट गाडीपाशी गेली. मी बटण दाबलं. गाडी खोकली आणि बंद पडली. पुन्हा दाबलं, तेच.
स्नेहलने काटा बघितला. म्हणाली, आई, टाकी कोरडी आहे. किलोमीटर तर मागच्या वेळेएवढेच. पेट्रोल गेलं कुठे? मी म्हटलं, ऊन किती आहे, उडालं असेल. भिंतीवरून पंडितभाऊ म्हणाले, पोरी, तुझी आई जागेवरूनच धुळ्याला जाऊन आली.
थंडच काढावं लागलं. स्नेहलने पाना माझ्या हातात दिला आणि स्वतः चहा ठेवायला गेली. बोल्ट मीच काढला. तेल काळं झालेलं. काकवीसारखं सावकाश उतरत होतं, मग थेंब थेंब. स्नेहल कप घेऊन माझ्या शेजारी जमिनीवर बसली. म्हणाली, पप्पा दुसऱ्या चहासाठीच गाडी गरम करायचे, तुला कधी कळलंच नाही ना? मी म्हटलं, दुसऱ्या कपात मी साखर घालत नव्हते, ते त्यांना कधी कळलं नाही.
ती हसली. मग नाक पुसलं. तिने पुन्हा चहा केला. तो संपेपर्यंत थेंब पडत होते.
थंडच बरं. मी पहिल्यापासून त्याच मताची होते.

१ मे
काल नवं तेल ओतलं. ऊन उतरल्यावर स्नेहल प्रेमराजकडून बाटलीत पेट्रोल घेऊन आली आणि गाडी घेऊन गेली. पोचल्याचा फोन आला. गाडी छान चालली म्हणाली.
आज सकाळी अंगण झाडलं, गाडी उभी असायची तिथेही झाडलं. जुनं तेल फाटकाच्या बिजागऱ्यांना लावलं. दोन कप चहा केला. दोन्ही मीच प्यायले.