अडुसष्ट नंबरचे तेल

मी, बायजाबाई देवाजी रंगारी, वय अंदाजे साठ, धर्म बौद्ध, धंदा खोदकामाचा ठेका, राहणार सक्करदरा, नागपूर, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. छातीचे दुखणे आहे, पण ते छातीतच आहे. कोणी मला धाक घातलेला नाही. धाक घालणारे बहुतेक माझ्याआधीच गेले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

वकील वामनरावांनी एक मसुदा करून दिला होता. त्यात मशीनसाठी एकच ओळ होती: "एक जुना खोदाईचा ट्रॅक्टर." तेलाबद्दल मी सांगितलेले त्यांनी गाळले. "बाई, मृत्युपत्रात तेलाचं काय लिहायचं?" असे म्हणाले. गृहस्थ भले आहेत, पण मालमत्ता माझी आहे. म्हणून हे पत्र मी माझ्या चौथी पास अक्षरात पुन्हा लिहिते आहे.

१. सक्करदऱ्याचे राहते घर मुलगा रविंद्र याला द्यावे. मात्र अंगणाची पूर्वेकडची बाजू आणि तिथली टिनाची शेड, जिथे मशीन उभी राहते, ती मुलगी शामला हिची. रविंद्रने तिथे भिंत घालू नये. घातली तर शामलाने मशीननेच काढावी, माझी परवानगी आहे.

२. पोस्टातली बचत दोघांना निम्मी निम्मी. यावर जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

३. खोदाईचा ट्रॅक्टर, पुढे सुपडे आणि मागे पंजा लावलेला लांब हात असलेला, सर्व पाने-पकडी-जॅकसह शामलाला द्यावा. धरणाचे काम संपल्यावर झालेल्या लिलावात तो माझे पती देवाजी यांनी घेतला. शामला सासरहून परत आली ती रडत आली नाही, दुसऱ्या दिवशी मशीनवर बसली. रविंद्र मला म्हणाला, "माय, ते भंगार विकून टाक. पोरीच्या जातीले शोभते का ते?" मी म्हटले, "तुही फी याच भंगारानं भरली. तवा शोभलं ना तुले?" तो वाईट मुलगा नाही. त्याला लाज वाटते इतकेच. मला वाटत नाही.

४. मशीनला काय पाजायचे ते शामलाला माहीत आहे. पण उद्या ती दुसऱ्याच्या हाती देईल, म्हणून लिहिते. इंजिनात चाळीस नंबरचे तेल. गिअरच्या पेटीत नव्वद. ब्रेकला फक्त ब्रेकचेच तेल, तेही बंद डब्यातले. दुसरे घातले तर आतले रबर फुगते आणि ब्रेक लागत नाही. रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी नको, आत खार धरते. आणि मागचा हात ज्या तेलाच्या जोरावर उठतो त्या टाकीत अडुसष्ट नंबर. पातळ नाही. पंप जुना आहे, आतून झिजलेला आहे. नवीन मशीनला पातळ तेल चालत असेल, हिला नागपूरच्या उन्हाळ्यात चालत नाही. तेल पांढुरके दिसले तर आत पाणी गेले समजावे आणि सगळे बदलावे. दुकानदार "सब एकच है" म्हणाला तर त्या दुकानातून उठावे.

५. हे मला कसे कळले तेही लिहिते. आजवर नातेवाइकांत याची वेगळीच गोष्ट सांगितली जाते.

एकोणसत्तर सालच्या मे महिन्यात प्रताप नगरला पाइपलाइनची नाली खोदण्याचे काम होते. अपघाताच्या आदल्या दिवशी मशीनच्या हाताचा पाइप फुटून तेल सांडले. देवाजींनी त्यांचा धाकटा भाऊ धोंडबा याला अडुसष्ट नंबरचे तेल आणायला इतवारीच्या बाजारात पाठवले. पहिल्या दुकानात ते नव्हते. ऊन फार होते. धोंडबा पुढच्या दुकानात गेला नाही, मिळाले ते पातळ तेल घेऊन आला, टाकीत ओतले आणि भावाला म्हणाला, "अडुसष्टच भरलं, दादा."

दुसऱ्या दिवशी दुपारी पंज्याची खीळ सैल झाली. मशीनचा हात वर उचललेला होता. देवाजी नालीत उतरून खीळ ठोकत होते. ही त्यांचीही चूक होती. उचललेल्या हाताखाली कोणीही जायचे नाही, तेल कोणतेही असो; शामला, हे पाठ कर. ड्रायव्हर ओमप्रकाश शाहू सीटवर होता. तापलेल्या पातळ तेलाने हात धरून ठेवला नाही. तो सावकाश खाली बसत गेला आणि देवाजी पंजा आणि मातीच्या मध्ये दाबले गेले. ओमप्रकाशने हात उचलायचा दांडा ओढला. पंप नुसता ओरडला, हात उठला नाही. तुळसाबाई आणि बाकीच्या मजुरांनी हातांनी माती ओढून त्यांना बाहेर काढले. दवाखान्यापर्यंत ते टिकले नाहीत.

धोंडबाने पोलिसांना सांगितले की ड्रायव्हरचा हात दांड्यावरून सुटला. ओमप्रकाशला चौकीत ठेवले, मारले. पुढे पुरावा नाही म्हणून सोडले, पण नाव गेले ते गेले. सुटून आल्यावर तो सरळ माझ्याकडे आला. टाकीतले तेल त्याने माझ्यासमोर घमेल्यात काढले. म्हणाला, "बाई, बोट बुडवून पाहा." पाण्यासारखे गळत होते. मी धोंडबाला बोलावून विचारले. तो म्हणाला, "तेल ते तेल, वैनी. त्यात काय फरक रायते?"

मग त्यानेच गिऱ्हाईक आणले. म्हणे मशीन पनवती आहे, लोक बोलून राहिले, विकून टाका. मी म्हटले, "भाऊजी, छप्पन साली बावीस प्रतिज्ञा घेतल्या तवा तुमी माह्या बाजूलेच उभे होते. पनवती कुठून आली?" मशीन विकली नाही. त्याच नालीवर नेली, अडुसष्ट नंबर भरून, आणि ओमप्रकाशलाच सीटवर बसवले. नवऱ्याच्या खुन्याला भाकर घालते असे सासरची माणसे म्हणाली. लग्नाकार्यात मला बोलावणे बंद झाले. मी नाली पूर्ण केली. आज त्या पाइपातून प्रताप नगरला पाणी जाते.

६. ओमप्रकाशला मी यात काही ठेवलेले नाही, कारण तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकील सांगतात. देवाजींचे घड्याळ मी त्याला गेल्या आठवड्यातच देऊन टाकले. ते परत मागण्याचा कोणाला हक्क नाही. त्याच्या हातून चूक झाली नव्हती, हे मी माझ्या सहीने सांगते.

७. दीर धोंडबा रंगारी यांना माझ्या मालमत्तेतून काहीही देऊ नये. माझ्या मयतीला यायचे तर यावे, अडवू नये.

मी त्यांना काल घरी बोलावले होते. साक्षीदार म्हणून सही करा म्हटले आणि पाचवे कलम वाचून दाखवले.  ते म्हणाले, "वैनी, चौदा वर्सं झाले. आता काहून लिहून राहिल्या तुमी हे?"

मी म्हटले, "ओमप्रकाशच्या नातवाले शाळेत खुन्याचा नातू म्हणते. त्याच्यासाठी चौदा वर्सं कुठं झाले?"

"मी मेल्यावर लिहा."

"मी आधी मरून राहिली, भाऊजी."

मी पेन पुढे केले. त्यांनी घेतले नाही. शामलाने चहा ठेवला, तोही घेतला नाही. चप्पल घालून निघून गेले. त्यांच्या सहीवाचून हे पत्र अडत नाही, त्या दिवशी नालीवर असलेले दोघे सही करायला हजर आहेत. पण धोंडबा दारातून बाहेर पडले तेव्हा मी, शामला आणि रविंद्र तिघेही तिथे होतो. लिहिलेले खोटे आहे, असे ते म्हणाले नाहीत. रविंद्रने ते ऐकले. आज सकाळी तो स्वतः ओमप्रकाशच्या घरी जाऊन त्याला सहीसाठी घेऊन आला.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली. माझ्यासमोर त्यांनी केली.

सही: बायजाबाई देवाजी रंगारी

साक्षीदार:
१. ओमप्रकाश शाहू, ड्रायव्हर, राहणार सक्करदरा (सही)
२. तुळसाबाई मेश्राम, मजुरी, राहणार सक्करदरा (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: नागपूर
तारीख: १२ जून १९८३