हिलमनचा क्लच आणि अनंताचा पाय

मी, रामनाथ धोंडू राऊळ, वय त्रेसष्ट, धंदा मोटार शिकवण्याचा, राहणार गुंदवली, अंधेरी पूर्व, मूळ गाव तालुका कुडाळ, जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे आणि माझ्यावर कोणाचा दाब नाही. पत्नी जानकीचे म्हणणे असे की, बुद्धी शाबूत असती तर एका मोटारीवरून मी पावसाळाभर घरातल्यांना छळले नसते. तेही इथे नोंदवतो, म्हणजे मागाहून कोणी शंका काढायला नको.

येत्या सोमवारी माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर काळजीचे कारण नाही म्हणतात आणि सही मात्र आधी घेतात. म्हणून हे लिहिणे.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, पडवी आणि मागची पत्र्याची शेड, जानकीच्या हयातीपर्यंत तिचे, त्यानंतर मुलगा चंद्रप्रकाश याचे. कुंपणालगतचे नारळाचे झाड आमचे आहे. नारळ शेजाऱ्यांच्या अंगणात पडतात आणि तिथेच राहतात. हा वाद माझ्याबरोबर संपवावा असे जानकीला वाटते. मला तसे वाटत नाही. पण झाड आता तिचे, तेव्हा तिने ठरवावे.

कलम २. बँकेतली शिल्लक जानकीची. नव्या गाडीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम यात धरू नये. त्या रकमेविषयी कलम ४ मध्ये लिहिले आहे. कलम ४ मी अनेकदा बदलले आहे, वाचणाऱ्याने शेवटचे खरे मानावे.

कलम ३. हत्यारांची पेटी चंद्रप्रकाशला. त्याला पाना धरता येतो, पण हात काळे झालेले आवडत नाहीत. पेटीतला जॅक सध्या आमचे शेजारी कुंडलिक तोरसकर यांच्याकडे आहे. नारळवाले शेजारी वेगळे, ते पलीकडचे. तोरसकर खाली साक्षीदार म्हणून सही करणार आहेत, त्यामुळे सहीला येताना ते जॅक आणतील असे मी धरून चालतो.

कलम ४. मोटार.

इथे थोडे सविस्तर लिहावे लागेल. मी गिरणीतल्या विणकाम खात्याच्या साहेबांचा ड्रायव्हर होतो. साहेब कायमचे विलायतेला निघाले तेव्हा त्यांची हिलमन मी घेतली. माझा धाकटा भाऊ अनंता त्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, होता. तिथे त्याचा डावा पाय सापडला आणि नोकरी सुटली. नुकसानभरपाईचे जे काही मिळाले ते त्याने माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, "दादा, गाडी तुझी, पैसे माझे, काहीतरी करूया." अशी राऊळ बंधू मोटार स्कूल निघाली. गाडी आठ आणे माझी, आठ आणे त्याची. तेव्हापासून अंधेरी-जोगेश्वरीतली निम्मी माणसे या एका गाडीवर शिकली. अनंताची शिकवण्याची पद्धत अशी, की आधी स्वतः चालवून दाखवायचे आणि मग शिकणाऱ्याला सीट द्यायची.

आता गाडी थकली आहे. क्लच घसरतो. सपाटीला, म्हणजे वर्सोव्याच्या रस्त्याला, ठीक जाते. चढ आला की इंजिन ओरडते आणि गाडी जागची हलत नाही. शिवाय आमच्याकडे शिकून गेलेला माणूस दुसऱ्या कोणाच्या गाडीत बसला, की ती दोन उड्या मारून बंद पडते, कारण आमच्यासारखा मऊ क्लच मुंबईत दुसरीकडे नाही. गिऱ्हाईक कमी झाले ते यामुळे.

त्यातच, कित्येक वर्षांपूर्वी नोंदवून ठेवलेल्या फियाटचा माझा नंबर लागला. हवी की नको हे महिनाअखेरपर्यंत कळवायचे आहे. नको म्हटले तर नंबर गेला.

चंद्रप्रकाश म्हणतो, नवी घ्या. गॅरेजचे मेस्त्री म्हणतात, क्लचची प्लेट आणि स्प्रिंगा बदला, हिलमन अजून दहा वर्षे ओढेल. दोघांचेही बरोबर आहे, आणि माझा घोळ तिथेच आहे. कारण क्लच मऊ आहे म्हणूनच अनंताचा डावा पाय तो दाबू शकतो. गेली काही वर्षे क्लच आणि पाय बरोबरीने कमजोर होत आले आहेत. मी मेस्त्रींना विचारले, स्प्रिंगा बदलल्यावर पेडल कसे लागेल? ते म्हणाले, "कडक लागणार. नव्याच्या नव्या स्प्रिंगा." म्हणजे दुरुस्त केली तरी अनंताला चालवता येणार नाही, नवी घेतली तरी नाही, आणि आहे तशी ठेवली तर स्कूल बंद. अनंताने मोटारीशिवाय दुसरे काही केलेले नाही.

पहिल्यांदा मी लिहिले, की फियाट घ्यावी व ती चंद्रप्रकाशची. दुसऱ्या दिवशी ते खोडले आणि हिलमन आहे तशी अनंताला दिली. मग वाटले, चढावर काही बरेवाईट झाले तर? तेही खोडले. मग गाडी विकून स्कूल बंद करावी असे लिहिले. ते जानकीने वाचले आणि माझे ताट वाढून स्वतः हिलमन पुसायला गेली.

परवा अनंता आला तेव्हा कागद पडवीत टेबलावर होते. त्याने ते उभ्याउभ्या वाचले.

"दादा, माझा पाय तू मृत्युपत्रात घातलास?"

"गाडीचं कारण लिहायला नको?"

"कोर्टात वाचतील रे. माझा पाय काय तुझी मिळकत आहे?"

"तसं नव्हे."

"मग कसं? झाड वहिनीला, जॅक चंदूला, पाय कोणाला?"

जानकी आतून म्हणाली, "गप रव रे अनंता, ह्यांना सोमवारी ऑपरेशनला जायचंय."

"मग सोमवारपर्यंत तरी माझ्या पायावरून हात काढ म्हणावं," अनंता म्हणाला. पण गेला नाही, पायरीवर बसून राहिला. चंद्रप्रकाश कामावरून आला आणि सगळे ऐकून त्याने विचारले, "काका, फियाटचा क्लच तुम्ही कधी दाबून बघितलाय?"

कोणीच बघितला नव्हता. मोटार शिकवणारे आम्ही दोघे, पण इतके दिवस नव्या गाडीचा क्लच जड असणार हे धरूनच भांडत होतो. मी मृत्युपत्रात तसे लिहूनही टाकले होते.

काल सकाळी समोरच्या गल्लीतल्या डॉक्टरांची फियाट मागून घेतली. तीही नवी नाही, पण हिलमनपुढे तरुण आहे. अनंता बसला. पहिल्यांदा पेडल पूर्ण खाली गेले. दुसऱ्यांदाही गेले. तिसऱ्यांदा पाय वाटेतच थांबला आणि थरथरू लागला.

"क्लच खाली गेला ना?" चंद्रप्रकाशने विचारले.

"दोनदा गेला," अनंता म्हणाला. "साकीनाक्यापर्यंत दोनदा पुरतो काय रे?"

चंद्रप्रकाश म्हणाला, "पण काका, तुम्ही शिकवणार डाव्या सीटवर बसून. क्लच शिकणाऱ्याकडे असतो."

"आणि आधी दाखवणार कोण? तुझे बाबा इस्पितळातून?"

दोनदा गेला म्हणजे जमते की जमत नाही, यावर मी काल दिवसभर विचार केला. जानकीने सरबत दिले, ते निवून गेले असे म्हणणार होतो, पण सरबत निवत नाही. माझ्या डोक्याची स्थिती वाचणाऱ्याला यावरून कळावी.

तेव्हा कलम ४ शेवटचे असे: हिलमनमधला माझा आठ आण्यांचा हिस्सा, फियाटचा नंबर आणि तिच्यासाठी ठेवलेली रक्कम, तिन्ही माझा भाऊ अनंता धोंडू राऊळ याला देत आहे. दुरुस्त करावी, नवी घ्यावी की दोन्ही सोडून द्यावे, हे त्याने ठरवावे. दुसऱ्याच्या पायाने किती चालावे हे मला ठरवता आले नाही आणि ते माझे कामही नव्हते. ऑपरेशनातून मी परत आलो तरी हा निर्णय त्याचाच राहील. त्यासाठी लागणारे अधिकारपत्र वेगळे करून जानकीकडे दिले आहे. चंद्रप्रकाशने याला आपली हरकत नाही असे मला तोंडी सांगितले. सांगताना तो माझ्याकडे न बघता हिलमनकडे बघत होता, पण हरकत नाही म्हणाला हे खरे.

कलम ५. माझ्यामागे कोणी वर्षश्राद्धाला गाव जेवू घालू नये. स्कूलमध्ये त्या दिवशी जो शिकायला येईल त्याला फुकट शिकवावे.

सह्यांच्या वेळची नोंद: आज संध्याकाळी साक्षीला कुंडलिक तोरसकर आणि आमच्याकडेच मोटार शिकलेले भीमराज साळवी आले. तोरसकरांनी जॅक आणला. वकिलांनी सांगितले होते की ज्याला मृत्युपत्राने काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, पुढे प्रश्न निघतात. हे मी सर्वांसमोर वाचून दाखवले. तेवढ्यात अनंताने टेबलावरचे पेन घेतले आणि साक्षीदाराच्या पहिल्या ओळीवर स्वतःची सही केली.

"झालो साक्षीदार," तो म्हणाला. "आता मला काही नको. चंदूला दे आणि सुट."

मी पेन मागितले. त्याने दिले नाही. भीमराज साळवींनी खिशातले स्वतःचे पेन काढून माझ्यापुढे धरले. त्या पेनाने मी अनंताची सही खोडली.

"दादा, खाडाखोड चालत नाही."

"शेजारी माझी सही केली की चालते."

अनंताने हातातले पेन टेबलावर ठेवले. मग आतल्या दाराकडे मान वळवून म्हणाला, "वहिनी, पांढरी फियाट लवकर मळते ना गं?"

"मळली तर पुसायची," जानकी म्हणाली. "आणि मला शिकव आधी. इतकी वर्षं गावाला शिकवलंत दोघांनी."

"शिकवतो. पण दाखवणार नाही हां, नुसतं तोंडाने सांगणार."

"तेवढं पुरे."

हे मृत्युपत्र मी वाचले, ते माझेच आहे, आणि खालील साक्षीदारांच्या देखत सही केली आहे.

रामनाथ धोंडू राऊळ

साक्षीदार:
१. अनंता धोंडू राऊळ (ही सही मी खोडली आहे. कारण: हा साक्षीदार नव्हे, मालक आहे. रा. धों. राऊळ)
२. कुंडलिक विठू तोरसकर
३. भीमराज सखाराम साळवी

अंधेरी, दिनांक ९ ऑक्टोबर १९७१