निथळत ठेवायचे कपडे

३ नोव्हेंबर
आले एकदाची. मठ चांगला आहे. खोली ऊबदार, जेवायला भात, मिसोचं सार, मुळ्याचं लोणचं. शहरातली माणसं इथं येतात, पांढरे कपडे घालून बर्फगार धबधब्याखाली उभी राहतात, मंत्र ओरडतात आणि मनातली घाण पाण्यात सोडून जातात. ते कपडे खालच्या डोहात धुवायचे, हे माझं काम. मालकीणबाई, म्हणजे महंतांची बायको, म्हणाल्या, पिळायचे नाहीत, नुसते निथळू द्यायचे. म्हटलं, मग वाळणार कधी, उन्हाळ्यात? हसल्या नाहीत. नऊ तारखेला लेक साएको नातीला आणून सोडणार. मिनोरी थंडीभर माझ्याजवळ. मजा आहे.

५ नोव्हेंबर
ओसाकाची एक चष्मेवाली आली. महंतांपुढं रडत होती, पोरगी रडली की माझे हात तिच्या गळ्याकडे जातात म्हणून. निळी पडेपर्यंत पाण्याखाली उभी राहिली. निघाली ती हसत. "सुटले हो मावशी!" म्हणत ओल्या अंगानं मलाच मिठी. दुपारी आभाळ भरून आलं. थेंब थेंब गळायची वाट कोण बघणार? तिचे कपडे करकचून पिळले.

७ नोव्हेंबर
मांजराचं पिल्लू केकाटत होतं. भानावर आले तेव्हा माझ्या हातात होतं. गार.
मालकीणबाईंना सांगितलं. दोन पावलं मागं सरल्या. "पिळलेस ना? वाहून जाणारं हातात घेतलंस, बये!"

८ नोव्हेंबर
सकाळभर धबधब्याखाली उभी होते. अंगाला मीठ चोळलं, मंत्र ओरडले. काही नाही. मालकीणबाई काठावरून म्हणाल्या, "ते तिचं होतं, तिनं सोडलं. तुझं नाहीच, तर तू काय सोडणार?"
साएकोला फोन केला, येऊ नकोस. "आई, तुझं नेहमीचंच. कधी पाळलायस शब्द?" फोन ठेवला तिनं.

९ नोव्हेंबर
मठात कुणी नाही. माझ्या धाकानं सगळे खाली गावात गेले. आतून कडी घातली. हात दोरीनं बांधलेत, गाठ दातांनी मारली. पेन्सिल कशीबशी —
साएको दाराशी आलीय. "रुसून बसलीस का आत? बस सुटेल माझी. पोरीला इथं बसवते, उघड लवकर."
घेऊन जा म्हणाले. ओरडले. त्या पाण्याच्या आवाजात —
बस गेली.
मिनोरी रडतेय. "आजी, उघड ना. थंडी वाजते."
रडू नको गं बाई. गप्प बस. गप्प —
दोरी सुटली. दात लावले नव्हते मी. हातांनीच —
एक हात लिहितोय. दुसरा कडी