कोट घालायचा नाही

हल, १४ ऑक्टोबर

प्रिय बेरिलताई,

तुम्हाला आणि तुमच्या नव्या गुडघ्याला विल्फचा नमस्कार. गुडघा वाकायला लागला का, की अजून अॅडलेडभर सरळ पाय घेऊन हिंडता? मी ठणठणीत आहे. (डॉक्टरांचं मत वेगळं आहे, पण ते अजून लहान आहेत.) डोरीनही बरी आहे, आणि या खेपेला हे वाक्य मी सवयीने लिहिलेलं नाही. तेव्हा चहा घेऊन बसा, पत्र लांबणार.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही आलात तेव्हा वृद्धाश्रमाच्या खुर्चीत मान टाकून बसलेली तुमची बहीण पाहून थेट विमानतळापर्यंत रडलात. ते नुसतं विसरण्याच्या आजाराने नव्हतं हो, बरंचसं गोळीने होतं. या आजाराचं माणूस ओरडायला लागलं, हात उचलायला लागलं की त्याला निवांत करायची एक गोळी असते. मुळात ती भास होणाऱ्यांसाठी काढलेली. डोरीनला भास कधीच नव्हते, मतं होती. पण तिने दोघी-तिघींना फटके दिले, कागद पुढे आला आणि सही मी केली. त्यानंतर मी रोज एकच्या बसने जायचो, तिच्या हनुवटीवरची लाळ पुसायचो आणि चारच्या बसने परत यायचो. दोन वर्षांत ती माझ्याशी अकरा शब्द बोलली. त्यातले चार ‘नको’ होते.

मार्चमध्ये रुतेंडो नावाची नवी मुख्य नर्स आली. मूळची झिंबाब्वेची, आवाज बोटीच्या भोंग्यासारखा. तिने गोळीवाल्यांची यादी काढली आणि एकेकाचं नाव घेऊन विचारत सुटली, ही चालू का आहे? निम्म्यांच्या बाबतीत कुणालाच सांगता येईना. डॉक्टरांनी डोरीनची गोळी पाव-पाव करत, आठवडे मोजत उतरवायची ठरवली. (मी ती गुपचूप खिशात घालायची तयारी दाखवली, तर रुतेंडोने मला शाळकरी पोरासारखं झापलं. एकदम बंद केली तर अंगाशी येतं म्हणे.) पहिला पाव कमी झाला, काही नाही. दुसरा कमी झाला आणि एका मंगळवारी तिने मान वर केली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली की कॉलर मळकी आहे. ताई, परतताना मी बसमधल्या प्रत्येकाला ती कॉलर दाखवली. पुढच्याच शुक्रवारी तिने आचाऱ्याला बोलावून मासा करवतीने कापलास का असं विचारलं. (तीस वर्षं मासे साफ केलेली बाई ती. आचारी अजून रुसलेला आहे.)

मग ऑगस्टमध्ये माशी शिंकली. पाद्रीसाहेब दारात उभे असताना तिने त्यांना त्यांच्याच प्रार्थनापुस्तकाने बडवलं. त्यांनी क्षमा केली, त्यांचं कामच ते, पण चष्मा गेला. आठवडाभरात असंच आणखी दोनदा झालं आणि गोळी पुन्हा वाढवायची कुजबुज सुरू झाली. रुतेंडोने दहा दिवस मागून घेतले आणि सगळ्यांना एकच काम लावलं: ती भडकण्याआधी काय घडलं ते लिहायचं. दहा दिवसांनी तिने तो कागद माझ्यापुढे सरकवला. दर वेळी पावणेचार. दर वेळी मी उठलेलो, कोट-टोपी घातलेली. दाताच्या डॉक्टरकडे गेल्याने मी आलो नव्हतो, त्या बुधवारी सगळं शांत. म्हणजे दोन वर्षं गोळी खात होती डोरीन, आणि दुखणं होतो मी.

मी कोटाची बाजू घेऊन भांडलो. रुतेंडो म्हणाली, घाला बघू तिच्यासमोर. घातला. जिला उठवायला दोन माणसं लागतात ती एकटी उठली, माझी कॉलर दोन्ही मुठींत धरली आणि हळूच म्हणाली, “विल्फ, या खेपेला नको जाऊस. बर्फ फार आहे.”

तुम्हाला काय सांगायचं! चौदा वर्षं मी मासेमारीच्या ट्रॉलरवर आइसलंडकडे जात होतो. तीन आठवडे समुद्र, तीन दिवस घर. निघताना बायकोने गोदीवर यायचं नाही, हात हलवायचा नाही, अडवायचं तर मुळीच नाही, अपशकुन. तिने चौदा वर्षांत एकदाही अडवलं नाही. पाठ करून भांडी घासत राहायची, आणि मला वाटायचं, हिला काहीच वाटत नाही. ते सगळं आता बाहेर येत होतं, आणि दाराशी जो असेल त्याला लागत होतं.

आता कोट रुतेंडोच्या खोलीत असतो. पावणेचारला मी किटली बघून येतो म्हणतो आणि तसाच निघतो. निरोप घ्यायचा नाही. अवघड जातं, पण तेव्हापासून तिने कुणावर हात उचललेला नाही, आणि गेल्या सोमवारी शेवटचा पावही बंद झाला. मी आत शिरलो की तिचा चेहरा उजळतो. दुपारभर माझा हात सोडत नाही.

तुमचा,
विल्फ

ता. क. सोबत फोटो आहे. ती हसते आहे ते आचाऱ्याला.

आणखी एक. चेहरा उजळतो हे खरं आहे, पण ती मला सिरिल म्हणते. कोट घातला की मी विल्फ आणि ती रडते. कोट काढला की मी सिरिल आणि ती लाजते. मी सिरिल राहायचं ठरवलं आहे. हा कोण, तुम्हाला ठाऊक असणार. माझ्या आधीचा की मी समुद्रावर असतानाचा, ते विचारत नाही. (ठाऊक असेल तर वेगळ्या कागदावर लिहा.) तो चहात साखर किती घ्यायचा आणि कसा नाचायचा, एवढं मात्र उलटटपाली कळवा. पुढच्या महिन्यात वृद्धाश्रमात वाजवणारे येणार आहेत, आणि तिने त्याला दोन नाच कबूल केले आहेत.